डब्बा पडला की आम्ही उठायचो

आजारी माणसाला भेटायला येणारे निदान बिस्किटाचा पुडा तरी आणतात. आजारी मशीनला भेटायला येणारे फक्त सल्ले आणतात. म्हणून माणसांपेक्षा मशीनच्या आजारपणाचे किस्से जास्त साठतात. आमच्या एका डब्ब्यानं इतके दिले की दिग्रसच्या स्टँडवर यवतमाळची एसटी लागेपर्यंत सांगितले तरी पुरतात. आणि ती एसटी कधी लागते हे तुम्हाला ठाऊकच आहे.

डब्बा म्हणजे सर्व्हर. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो, रोजीवर. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन त्या सर्व्हरमध्ये जायचं, पावती निघायची, मग गाडी खाली व्हायची. सर्व्हर जुनाट. चालता चालता आपोआप बंद व्हायचा आणि आपोआप चालू व्हायचा. तो पुन्हा उभा राहीपर्यंत काट्यावरची गाडी काट्यावर, मागची रांग पार रोडवर. कापसाच्या भावावरून अख्खा जिल्हा पेटला होता ती ही वर्षं. माणसं आधीच तापलेली, त्यात हा डब्बा.

एक दिवस सेठनं जाहीर केलं, "जो हे मशीन ठीक करीन, तो संक्रांतीपासून पर्मनंट. कॉम्प्युटर इन्चार्ज."

दावेदार दोन. एक मी, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेला. दुसरा प्रशांत, माझ्याच वर्गातला. त्यानं इंजिनिअरिंग पूर्ण केलं, काही दिवस पुण्याचं पाणी पिऊन आला आणि ओळखीतून आमच्याकडं चिकटला. मला ती नोकरी पाहिजे होती. त्याहून जास्त, ती प्रशांतला मिळायला नको होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी मला सज्जन समजणार नाही.

*

प्रशांत आला त्या दिवशी त्याला फिरती खुर्ची मिळाली. मी तोवर दोन वर्षं पत्र्याच्या स्टुलावर होतो.

त्यानं सर्व्हरकडं पाहिलं आणि म्हणाला, "व्हायरस असणार." मग त्यातलं सगळं पुसून नव्यानं टाकलं. अख्खी सकाळ त्यात गेली. रांगेतले लोक खिडकीत येऊन आईबहिणीची आठवण काढून गेले. दुपारी त्यानं सेठला बोलावलं.

"सर, आता बघा."

सेठ वाकून बघायला लागले. डब्ब्यानं सेठचं तोंड पाहिलं आणि मान टाकली.

प्रशांत जरासुद्धा हलला नाही. म्हणाला, "सर, हा वेगळा प्रॉब्लेम आहे."

सेठ आमच्या मुनीमजीकडं वळून म्हणाले, "पाहा, पोरानं अजून एक शोधून काढला."

म्हणजे मी नापास झालो तर नापास. तो नापास झाला तर संशोधन.

*

मुनीमजी साठीच्या पुढचे. यांना जगातलं सगळं कळतं, फक्त स्वतःला काय कळत नाही तेवढं कळत नाही.

जिनिंगमध्ये हवेत रुई उडते. नाकातोंडात जाऊ नये म्हणून मजूर बाया ओला दुपट्टा बांधतात. मुनीमजींनी एका सकाळी सर्व्हरच्या जाळीवर ओला दुपट्टा बांधला, मागं पक्की गाठ मारून.

मी म्हणालो, "मुनीमजी, हे काय?"

"माणसाच्या नाकात रुई जाते, तं याच्या नाई जात?"

"अहो, हे त्याचं नाक नाही. त्याची गरमी तिथून बाहेर पडते."

"तू कालेज पुरं केलं का? मंग. तू आन् हे मशीन सारखेच. दोघंबी मधातच बंद."

दुपारपर्यंत डब्बा तव्यासारखा तापला. त्या दिवशी तो इतक्या वेळा पडला की आम्ही पावत्या हातानं लिहिल्या. दुसऱ्या दिवशी प्रशांतनं तो दुपट्टा दोन बोटांनी सोडला आणि म्हणाला, "व्हेंटिलेशन."

मुनीमजी दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "एका शब्दात वळखलं पोरानं."

आता डब्बा तापायचा नाही. पडायचा मात्र तसाच.

*

मग प्रशांतनं सेठला सांगितलं की सर्व्हर रूमला कूलिंग लागतं. सेठनं घरचा कूलर पाठवला. ऐन पौषात.

मी स्वेटर, वरून मफलर, त्यावर कानटोपी घालून की-बोर्ड बडवायचो. बोटं वाकायची नाहीत. मुनीमजी कूलरमध्ये पाणी भरायचे, म्हणायचे, "साहेबानं सांगतलं, कमी नाई पडलं पाहिजे." साहेब म्हणजे प्रशांत. त्याच प्रशांतला कॉलेजात मी लॅबची जर्नलं द्यायचो, उतरवायला.

खिडकीतून एक म्हातारा आत डोकावला. समोर कूलर घोंघावतोय, त्याच्यापुढं डब्बा, बाजूला मी कुडकुडतोय.

"काहून गा, ताप हाय का त्याले?"

"हाय."

"आन् तुले?"

मला खरंच ताप होता. कोणालाच दिसला नव्हता. तोंडानं मात्र म्हणालो, "मले कोण कूलर देते, बुढा?"

तेवढ्यात डब्बा पडला. म्हातारा शांतपणे म्हणाला, "आता थंडीनं गेला असन."

*

कोणी म्हणेल, यूपीएस नव्हता का. होता ना. लाइट गेली तरी सर्व्हर चालू राहावा म्हणून त्याच्यासोबतच घेतला होता. एकदा मी तो उघडला. आत बॅटरीच नव्हती.

"मुनीमजी, याची बॅटरी कुठं आहे?"

"सेठच्या घरी. भारनियमनात माँजीची सिरीयल राहून जाते ना."

"आणि इथं?"

"इथं ते पीं पीं करे. आता करते का?"

नाही करत. माँजी म्हणजे सेठच्या आई. ती बॅटरी परत मागायची छाती सेठचीही नव्हती. तो रिकामा खोका सर्व्हरखाली पाट म्हणून राहिला.

*

त्या वर्षांत आमच्याकडं टीव्हीवाले फार यायचे. कापूस, शेतकरी, रडका चेहरा एवढं पाहिजे असायचं त्यांना. एक बाई कॅमेरा घेऊन थेट आमच्या रांगेत आली. ट्रॅक्टरवर बसलेल्या एका गड्यापुढं माइक धरला आणि फार हळव्या आवाजात विचारलं, "दादा, आज तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?"

तो सकाळपासून रांगेत होता. त्यानं आमच्या खिडकीकडं बोट दाखवलं.

"थो डब्बा."

बाई गोंधळली. कॅमेरा आमच्याकडं वळला. मी कानटोपीला हात घालेपर्यंत प्रशांत खिडकीत उभा होता. पाच मिनिटं बोलला. तंत्रज्ञान, ग्रामीण भाग, आव्हानं. मागं डब्बा दोनदा पडून उठला.

संध्याकाळी आमच्या घरी टीव्हीसमोर माझी आई. मी जेवत होतो.

"पाहाय, कसं बोलते पोरगं," आई म्हणाली. "तुह्याच वर्गात होता ना थो?"

"हो."

"त्याच्या मांगं तू उभा हायेस का? टोपी दिसून राह्यली कोनाची तरी."

बाबांनी फक्त आवाज वाढवला. टीव्हीचा.

*

खरं कारण मला सापडलं ते चहामुळं. आमच्या आवारात मागं रुई दाबून गाठी बांधायचं प्रेस होतं. ते चालवायचे रहीमचाचा, आणि जिनिंगमधला चांगला चहा फक्त त्यांच्याकडं. मी तिथं उभा होतो. चाचांनी प्रेसची मोटर चालू केली, भिंतीवरचा बल्ब क्षणभर डोळा मिटून उघडला आणि ऑफिसातून मुनीमजींची हाक आली, "पडलाऽऽ!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथं उभा राहिलो. मोटर, बल्ब, हाक. तिसऱ्या दिवशीही तेच. ऑफिसची लाइन प्रेसच्याच लाइनीवरून ओढली होती. मोटर उठताना सगळी वीज ओढून घ्यायची आणि डब्बा बसायचा. चाचांचा ऑफिसशी संबंध नाही, ऑफिसवाल्यांचा प्रेसशी नाही. एवढ्या दिवसांत कोणी या टोकाचं त्या टोकाला जोडलं नव्हतं.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुपारपर्यंत तेच प्रशांतच्या तोंडून इंग्रजीत बाहेर पडलं असतं. ठरवलं, संक्रांतीला सेठ निकाल देतील तेव्हा सगळ्यांदेखत मोटर लावून दाखवायची.

त्याच आठवड्यात प्रशांतही चाचांकडं चहाला यायला लागला. मला वाटलं, माझ्यावर नजर ठेवतोय.

*

संक्रांतीच्या तोंडावर दोन गोष्टी झाल्या. प्रेसचं ऑइल सील गेलं आणि ते बंद पडलं. आणि सेठच्या साळ्यानं सेठला नवाकोरा सर्व्हर विकला. यूपीएसचं विचारलं तर मुनीमजी म्हणाले, "जुना हाय ना." तोच रिकामा खोका, तीच लाइन, वर नवीन मशीन.

प्रेस बंद, त्यामुळं नवीन मशीन एकदाही पडलं नाही. सेठ येता-जाता त्याच्यावरून हात फिरवायचे.

संक्रांतीला ऑफिसात तिळगूळ वाटला. मग सेठनं आम्हा दोघांना पुढं बोलावलं. मी केस नीट केले. प्रशांतनं कॉलर नीट केली.

सेठ म्हणाले, "नवीन मशीन तं पडूनच नाई राह्यलं."

"हो सर," प्रशांत म्हणाला.

"मंग आता तुम्ही दोघं कायले पाह्यजे?"

मुनीमजींनी हसून आमच्या हातावर आणखी एकेक लाडू ठेवला. माझ्या ओठापर्यंत आलं होतं सगळं. प्रेस, लाइन, मोटर, सगळं. पण सांगितलं असतं तर मी राहिलो असतो आणि कदाचित सोबत प्रशांतही राहिला असता. मी त्याच्याकडं पाहिलं. त्याचेही ओठ हलल्यासारखे वाटले. तोही माझ्याकडंच पाहत होता. त्यानं लाडू तोंडात टाकला. मीही टाकला.

आम्ही बाहेर पडलो. काट्यावर गाडी चढलेली, आत पावत्या काढायला आता मुनीमजी बसलेले, मागं रांग रोडपर्यंत. सेठ नव्या सर्व्हरशेजारी उभे राहून कोण्या व्यापाऱ्याला तो दाखवत होते. गेटाकडं जाताना प्रेसपाशी रहीमचाचा भेटले. हात तेलानं माखलेले, चेहरा खूश.

"आओ बेटा, सील बैठ गया. देखो अब मोटर चालू करता." आणि त्यांनी बटणाकडं हात नेला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात प्रशांतनं चाचांचा हात धरला. पुण्याहून आल्यापासून मी त्याच्या तोंडून आमची बोली ऐकली नव्हती.

"थांबा चाचा," तो म्हणाला, "आम्हाले गेटाबाह्यर जाऊ द्या. मंग दाबा."