तिवड्याभोवतीच्या फेऱ्या

शिरांच्या आजाराने काकूचे पाय तिला दगा देत होते. पुण्याच्या डॉक्टरने औषध नाही म्हणून सांगितले. आधार धरून रोज चालली नाही तर वारंवार पडेल, एवढेच बजावले. म्हणून ती सकाळी भाऊबंदांच्या सामाईक, सारवलेल्या खळ्यावर, मळणीचे बैल ज्याभोवती फिरतात तो लाकडी तिवडा धरून फेऱ्या घाली. बांधावर भाऊबंद तंबाखू मळत बसत.

"काय राव, बेल्ह्याच्या बाजाराला काढायचा का ह्यो बैल?" एकाने काकांना विचारले.

"काढा की. लाथ मारतो, तेवढं गिऱ्हाइकाला सांगा," काकूच म्हणाली आणि फिरत राहिली.

तिचे पडणे कमी झाले. मळणी संपली की तिवडा उपटायची रीत होती. यंदा तो राहू द्या, असे काकूने विनवले. "रिकामा तिवडा घर खातो," म्हणत बैलाची थट्टा करणाऱ्या त्याच भाऊबंदाने तो उपटला आणि जळणाला नेला. त्याच आठवड्यात काकू अंगणात पडली. खुबा मोडला. ती पुन्हा उभी राहिली नाही.

तो समाचाराला आला. "मी म्हनत व्हतो, बाईमानसाला चालायचं याड कशाला?" एवढे बोलून त्याने आमच्या भिंतीवर पानाची पिंक टाकली आणि गूळपाणी मागितले. ते त्याला द्यावे लागले.