देवीकडे राहिलेला कागद

माझ्या पाठीत दोन सळ्या आणि सहा स्क्रू आहेत. अकरा वर्षांपूर्वी आंबे काढताना हापूसच्या कलमावरून पडलो, तेव्हा डॉक्टरांनी ते बसवले. तेव्हापासून मला बघून लोक म्हणतात, "वा, काय ताठ चालता!" ताठ नाही चालणार तर काय करणार? वाकायची सोयच ठेवलेली नाही.

गेल्या वर्षी त्यातला एक स्क्रू ढिला होऊन नस दाबायला लागला आणि डावा पाय बधिर होत चालला. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. ही चुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि तोवर पाय थांबेलच असं नाही, हेही बजावलं. रेल्वेत नऊ तास बसणं माझ्याच्याने होणार नव्हतं. म्हणून सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरच्या, आमच्या विमानतळावरून विमान. दिवसाला एक, तेही त्याच्या मनात आलं तर.

निघायच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, देवीला कौल लावूया. आमच्याकडे विहीर खणण्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं देवीला विचारून होतं. गुरव मूर्तीवर पाण्याने फुलांच्या कळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली की होकार. मी भरपूर टिंगल केली. "देवीक हाडांच्या डॉक्टराची डिगरी कधी मिळाली गो?" बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा विनोद मी गिळला. कौल उजवा झाला.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत पहिला हुकूम आला, काठी यंत्रात टाका. टाकली. मग कमरेचा पट्टा काढा. हा पट्टा पॅन्ट धरायला नाही हो, मला धरायला आहे, असं सांगून पाहिलं. तोही गेला. मग बूट. बसून काढू का, विचारलं, तर खुर्ची व्हीलचेअरवाल्यांसाठी. मग व्हीलचेअर द्या! ती तिकीट काढतानाच सांगायला हवी होती. म्हणजे पाठ दुखणार असेल तर तिने आधी अर्ज करायचा. धन्य! आधार देणाऱ्या सगळ्या वस्तू काढून घेतल्यावर वर्दीतल्या जवानाने सांगितलं, "सीधे खडे रहिए."

चौकटीतून गेलो, चौकट बोंबलली. परत गेलो, परत बोंबलली. जवानाने हातातलं यंत्र पाठीवरून फिरवलं, तेव्हा तर शिमगाच सुरू झाला.

"अंदर क्या है?"

"लोखंड."

"कागज है?"

बायको तपासणी उरकून पलीकडे माझी पिशवी धरून उभी होती. ती ओरडली, "अवो, डॉक्टराचो कागद दाखवा त्येंका! खंय आसा?"

कागद खंय आसा हे जगात मला एकट्याला माहीत होतं. सगळी टिंगल करून झाल्यावर, बायको ओटीची तयारी करत होती आणि गुरव कळ्या निवडत होता, तेव्हा मीच त्या कागदाचा लिफाफा खिशातून काढून देवीच्या पायांकडे सरकवला होता. साहेबाच्या टेबलावर अर्ज ठेवतात तसा. भीती वाटत होती, दुसरं काय! मग कौल झाला, नारळ फुटला, आणि हे शहाणे लिफाफा तिथेच विसरून घरी आले.

"देवीकडे," मी म्हणालो.

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बायको हसली नाही.

तेवढ्यात आमच्या विमानाची शेवटची हाक झाली. जवानाने मला पडद्याआड नेलं आणि शर्ट वर करायला सांगितलं. माझे हात खांद्याच्या वर जाईनात, म्हणून त्यानेच तो उचलला. मानेखालपासून कमरेपर्यंतची शिवण बघून तो जरा थांबला.

"दर्द होता है?"

अकरा वर्षं हा प्रश्न मला सगळा गाव विचारतोय आणि माझं उत्तर ठरलेलं, "बरां आसा." बायको शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन यायची तेव्हाही, "बरां आसा, ठेव थंय."

"होता है," मी म्हणालो. "बहुत. रोज. और डर लगता है, पैर गया तो?" आवाज फाटला. परक्या माणसापुढे, मोडक्या हिंदीत, शर्ट वर करून मी रडलो. लाज वाटली आणि बरंही वाटलं.

जवानाने पट्टा आणून स्वतः बांधला, मगाशी माझ्यासाठी नसलेली खुर्ची कुठूनशी आणली, मला बूट घातले आणि बोर्डिंग पासवर शिक्का मारला.

पडदा कापडाचा होता. बाहेर बायको माझी काठी घेऊन उभी होती आणि तिचे डोळे लाल झाले होते.

"अकरा वर्सां मी इचारतंय," ती म्हणाली. "आणि त्या पोलिसाक एका खेपेत सांगलास?"

मी काठीसाठी हात पुढे केला.

"चला," तिने काठी माझ्या हातात दिली. "विमानात बसल्यार माका सगळा सांगा. खंय दुखता, कधी दुखता. पयल्यापासून."

सांगायला लागलो. विमान मुंबईला उतरलं तेव्हा आम्ही तिसऱ्या वर्षापर्यंतच पोचलो होतो.