बाईच्या लोकरीचे गोंडे

माझा लाल स्वेटर एसटीत हरवला नव्हता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तो मी माझ्या हातानं उसवला, शाळेच्या ओसरीवर बसून, पोरांना सोबत घेऊन. आणि त्या दुपारी मी फार सुखात होतो, हेही सांगून टाकतो.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. बोरी अरबच्या पलीकडच्या एका लहान गावात मी मास्तर होतो. एक खोली, पुढं ओसरी, एवढीच शाळा. निम्मी पोरं गावातली, निम्मी जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातली. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं आपापले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, घरची बाई बैलाला कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा म्हणून काहीतरी ठेवते. त्या वर्षी आम्ही ठरवलं, बैलांचे गोंडे शाळेतच करायचे. कताईच्या तासाला टकळीवर काढलेलं सूत होतंच. पुडीच्या रंगानं ते लाल केलं, गोंडे बांधले आणि हौसेनं एक बैल अंगणात फिरवून पाहिला. पावसाची भुरभुर चालू होती. बघता बघता गोंड्यांच्या वाती झाल्या आणि रंग बैलाच्या तोंडावरून ओघळला.

"गुरुजी, बैल रडून राह्यला!" एक जण ओरडला.

सगळे हसले. ज्या तांड्यातल्या पोरीचा तो बैल होता, ती तेवढी हसली नाही. तिनं झग्याच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "माही याडी लोकरीचे फुंदे करते. त्याइले काही होत नाही." याडी म्हणजे तिची आई, आणि फुंदा म्हणजे गोंडाच.

लोकर कुठून आणायची? मी म्हणालो, "उद्या पाहू." पण त्याच क्षणी मला घरच्या खुंटीवरचा स्वेटर दिसत होता.

तो माझ्या थोरल्या बहिणीनं विणला होता. तिला आम्ही बाई म्हणत असू. ती पांढरकवड्याला, भरल्या घरात नांदत होती. मला नोकरी लागली तेव्हा ती शेजारणीकडून विणणं शिकली, आणि दुपारी घर निजलं की सुया घेऊन बसायची. तिचा तो पहिलाच स्वेटर. डावी बाही उजवीपेक्षा चांगली चार बोटं लांब झालेली, आणि लाल लोकर संपल्यामुळं त्या बाहीच्या टोकाला हिरवा पट्टा. मी तो एकदा घालून गेलो तर शेजारच्या गावचे मास्तर म्हणाले, "काहो, एक हात वाढून राह्यला काय तुमचा?" त्यानंतर मी तो घातला नाही. पोरांसाठी उसवला असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं म्हणजे मला तो नकोच होता, आणि पोरांचं निमित्त झालं.

उसवण्याची मात्र मजा आली. ती तांड्यातली पोरगी टोक धरून थेट विहिरीपर्यंत पळाली, आणि माझ्या हातात स्वेटर थरथरत लहान होत गेला. लोकर निघाली ती सगळी शेवयांसारखी वळ्यावळ्यांची. ती बादलीत भिजवली, पिळून ओसरीच्या वाशाला टांगली, खाली दगड बांधला. दुसऱ्या दिवशी सरळ झाली. मग दोन बोटांवर गुंडाळायची, अलगद उतरवायची, मधोमध आवळून बांधायची, दोन्ही कडा कापायच्या आणि तळहातात गोल फिरवायची. पोरांच्या बोटांवर गोंडे बोराएवढे व्हायचे, माझ्या बोटांवर लिंबाएवढे. एकानं इतकं आवळून गुंडाळलं की बोटं निळी पडली, उतरवता येईना. तो हात वर धरून वर्गभर फिरला, "कापू नका ना गुरुजी, माहा गोंडा जाईन!" शेवटी खोबरेल लावून सोडवलं. हिरव्या लोकरीचा एकच गोंडा झाला. तो त्या पोरीच्या रडलेल्या बैलाला दिला.

पण बाई पोळ्याला येणार होती. मी पोरांना बजावलं, "कोणी इचारलं तर लोकर दारव्ह्याच्या बाजारातली म्हणा." मास्तरानं खोटं बोलायला शिकवलं, आणि पोरं पटकन शिकली.

बाई आली, पाणी प्यायली आणि पहिलं वाक्य, "स्वेटर कुठी आहे रे बापू? बाही नीट करून देतो म्हटलं."

"एसटीत राहून गेला," मी म्हणालो.

"अगं माय! कोणत्या एसटीत? जातानी यवतमाळच्या स्टँडवर इचारतो मी. एखाद्या कंडक्टरनं ठेवला असन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांची रांग दारात उभी राहिली. माझं लग्न व्हायचं होतं, म्हणून ताट घेऊन बाईच बसली. एकेका बैलाला कुंकू लावत होती, पोरांच्या ओंजळीत फुटाणे घालत होती. लाल गोंडे, लाल गोंडे. मग हिरवा आला. तिचा हात थांबला. तिनं तो गोंडा चिमटीत धरून उलटसुलट पाहिला.

"लोकर कुठची गं पोरी ही?"

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. "दारव्ह्याच्या बाजारातली," ती म्हणाली, आणि मागून सगळ्या रांगेनं तेच म्हटलं.

"चांगली लोकर भेटते दारव्ह्याले," बाई म्हणाली. तिनं त्या बैलाला कुंकू लावलं, पोरीच्या ओंजळीत दोनदा फुटाणे घातले आणि पुढच्याला हाक मारली. "ये रे, तुह्या बैलाचं शिंग कोणी खाल्लं?" पोरं खिदळली, तीही हसली. तो दिवस सगळ्यांचाच चांगला गेला. माझाही, खोटं कशाला बोलू.

यवतमाळच्या स्टँडचं नाव मात्र तिनं पुन्हा काढलं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा गावच्या एका माणसाबरोबर तिनं नवा स्वेटर पाठवला. लालच. या खेपेला त्याला बाह्याच नव्हत्या. तो मी विटेपर्यंत वापरला.

बाई अजून पांढरकवड्याला आहे. मी वर्षातून दोनदा जातो, ती मला जेवू घालते, आम्ही पाऊसपाण्याचं बोलतो आणि मी परत येतो. तिला सारं कळलं होतं हे मला ठाऊक आहे, पण तिला कळणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं. तुझा स्वेटर मी उसवला, आणि तो मला आवडत नव्हता, हे माझ्या तोंडानं तिला सांगणं मी अजून देणं लागतो.