डोकावण्याच्या रेघा

प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगरी म्हणायचे आणि त्यात अतिशयोक्ती मुळीच नव्हती. बाई पन्नाशीला आली तरी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची, हातवारे करताना समोरच्याचा चहा सांडायची. आता अशा माणसाने काम कोणतं पत्करावं? तर मणी रचण्याचं.

मणी काचेचे, पण इतके बारीक की केसाच्या जाडीत शेकडो मावावेत. ते पाण्यात मिसळायचे, त्यात काचपट्टी उभी करायची आणि सगळं उबेच्या कपाटात ठेवून द्यायचं. पाणी हळूहळू उडतं, पातळी खाली सरकते आणि पट्टीवर वरून खाली मण्यांचे थर आपोआप बसत जाऊन स्फटिक तयार होतो. रचना बिनचूक साधली, तर प्रकाशातला एक रंग त्या स्फटिकात शिरूच शकत नाही, दारातूनच माघारी फिरतो. मग रंगाचा थेंबही न घालता काच हिरवीगार दिसते. माणसाने फक्त गप्प बसायचं असतं, आणि भिंगरीचं घोडं तिथेच पेंड खायचं.

तिच्या प्रत्येक स्फटिकावर आडव्या रेघा यायच्या. रेघ आली म्हणजे तिथली रचना विस्कटली, स्फटिक मोजमापाला निकामी. तिने पंख्याला दोष दिला, खालच्या मजल्यावरच्या पंपाला दिला, मणी पाठवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेवटी विभागप्रमुख सरांनी तिला बोलावलं. सरांच्या कपाळावरची आठी बहुधा त्यांच्याबरोबरच जन्माला आली होती.

"मण्यांची ही शेवटची बाटली," ते म्हणाले. "याही वेळी रेघा आल्या तर काम बंद. कपाट वरच्या मजल्याला जाईल आणि तू दुसऱ्यांचे नमुने मोजशील."

दिवसभर खुर्चीला खिळून दुसऱ्यांचे नमुने मोजायचे, म्हणजे तिला जिवंतपणी पुरल्यातच जमा.

जुन्या काचपट्ट्या घेऊन ती खिडकीशी गेली. बघते तर काय, थोड्या भागात रेघा दाट, मग कोरा भाग, मग पुन्हा दाट. पातळी किती वेगाने उतरते हे तिला तोंडपाठ होतं. कोरा भाग रात्रीचा निघाला, दाट भाग ती कामावर असतानाचा. आणि सगळ्यांत जास्त गर्दी चहाच्या सुट्टीनंतर.

म्हणजे चोर घरातच होता. 'आलाय का रंग?' म्हणत ती सारखी कपाटाचं दार उघडायची, गार हवा आत शिरायची, उडणारं पाणी अडखळायचं, की पडली रेघ. तिला इतकं हसू आलं की खिडकीचा गज धरून उभं राहावं लागलं.

शुक्रवारी तिने शेवटची बाटली लावली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली थोरल्या बहिणीच्या हातात दिली. "ताई, पाया पडले तरी देऊ नकोस." दुसरी किल्ली सरांच्या खणात होती; तिथे हात घालायची कुणाची छाती नव्हती.

शनिवारी ती खरोखरच पाया पडली. ताईने तिला माळा आवरायला चढवलं.

"नुसती कपाटाला टेकून येऊ?" तिने वरून विचारलं.

"टेकूही नकोस," ताई खालून म्हणाली.

रविवारी दोघी विनाकारण भांडल्या आणि मग तितक्याच विनाकारण हसत सुटल्या.

सोमवारी अख्खा विभाग कपाटाभोवती जमला. भिंगरीने कुलूप काढलं आणि चिमट्याने काचपट्टी उजेडात धरली. हिरवी! तिरकी केली की निळी, सरळ केली की पुन्हा हिरवी. मग तिला ती दिसली, अगदी खाली, तळाजवळ, एकच रेघ.

तिने बोटाने अंतर मोजलं. "रविवार दुपार," ती म्हणाली. "कुणीतरी दार उघडलंय."

सर एकाग्रतेने चष्मा पुसत होते.

"रेघेच्या वरचा तुकडा मोजमापाला पुरेल ना?" त्यांनी चष्म्यालाच विचारलं.

"पुरून उरेल, सर."

"मग काम चालू राहील." त्यांचे कान लाल झाले होते. "घरून खास आलो होतो. राहवलं नाही. एकदाच उघडलं."

भिंगरीने काचपट्टी त्यांच्यापुढे धरली. "घ्या, सर. आता पोटभर बघा."