ताट इकडं द्या

"ताट इकडं द्या, मॅडम. तुम्ही बोलायचं तेवढं बघा."

आमच्या शाळेच्या चेअरमनसाहेबांच्या मिसेस एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही. हसून म्हणाल्या. माझ्या हातातलं औक्षणाचं ताट त्यांनी अलगद काढून घेतलं. निरांजन विझू नये म्हणून ज्योतीला तळव्याचा आडोसाही धरला. ज्योतीची काळजी होती.

शाळेच्या फाटकात आम्ही शिक्षिका ओळीनं उभ्या होतो. नऊवारी, नथ, गजरा. शिक्रापूरजवळ हायवेला लागून असलेली इंग्रजी माध्यमाची शाळा. परदेशातून इंग्रजीच्या टीचर येणार म्हणून बाहेर मोठा फ्लेक्स लागलेला. ताट मला प्रिन्सिपलनीच दिलं होतं, कारण पाहुणीशी बोलायचं मलाच होतं. मग मांडवात खुर्चीवर बसलेल्या माईंनी, म्हणजे चेअरमनच्या आईनं, सुनेला जवळ बोलावलं. कानात काहीतरी सांगितलं. सांगताना बघत माझ्याकडं होत्या.

कारण कुणी बोललं नाही. गरजच नव्हती. मुलाखतीत चेअरमननी विचारलं होतं, "गाव?" मी म्हटलं, खुटबाव. "खुटबावात कुठं?" इंग्रजीत एमए केलेली बाई वर्गात काय शिकवणार, हे नंतर. आधी, खुटबावात कुठं. मी सांगितलं, बुद्धविहाराशेजारी. त्यांनी मान हलवली. नोकरी दिली. पण तो शेजार त्यांच्या घरात पोचलेला होता.

माझे हात ताट धरल्यासारखे तसेच पुढं राहिले. मग मी ते पदराखाली घेतले.

गाडीतून क्लेअर उतरली. आयर्लंडची. वयानं माझ्याएवढीच. कपाळाला कुंकू लागलं, डोक्यावर अक्षता पडल्या, तोंडासमोर दिवा फिरायला लागला, तशी ती दचकून मागं सरली. मी पुढं होऊन इंग्रजीत म्हणाले, "घाबरू नका. हे स्वागत आहे." ती हसली. लोकांनी फोटो काढले.

संध्याकाळी तिनं विचारलं, "ते ताट आधी तुझ्या हातात होतं ना? मी गाडीतून बघितलं. का घेतलं?"

"ते लग्न झालेल्या बायकांचं काम असतं," मी म्हणाले.

फाटकात माझ्या शेजारी केजीची शिक्षिका ताट धरून उभी होती. तिचं लग्न व्हायचं होतं. क्लेअरला कुठून कळणार.

आता मी कोण, ते सांगते. दौंडला कॉलेजात होते तेव्हापासून मी पत्रकं लिहिते. जयंतीची, मोर्च्याची, वस्तीत न येणाऱ्या पाण्याची. आमच्या ग्रुपमधली पोरं म्हणतात, हिच्या हातात पेन दिलं की समोरच्याला घाम फुटतो. जाब विचारा, गप्प बसू नका, असं मी ठळक अक्षरात मथळ्याला लिहिलेलं आहे. दुसऱ्यांसाठी. आणि माझ्या स्वतःच्या हातातलं ताट गेलं तेव्हा मी पाहुणीला वेलकम म्हणाले.

हायवेलाच पुढं एका सोसायटीत चेअरमननी फ्लॅट घेतला होता. आतली एसीची खोली क्लेअरला, हॉलमधला दिवाण मला. "सोबत म्हणून राहा," असं मला सांगितलं. राहिले. वर्गातही तेच. चौथीपासूनचं इंग्रजी मी शिकवत होते, ते तिच्याकडं गेलं. मी मागच्या बाकावर बसून पोरांना गप्प करायचं आणि तिचं बोलणं मराठीत सांगायचं.

तिचे हालही बघितले मी. वर्गात तिनं विचारलं, समजलं का? सगळी पोरं एका सुरात, "येस टीचर." एका पोराला उभं करून विचारलं, काय समजलं? "येस टीचर." ती स्टाफरूममध्ये येऊन डोकं धरून बसली. म्हणाली, "मला नाही म्हणणारं एक तरी मूल दे." मी म्हणाले, नाही समजलं म्हटलं की आमच्याकडं मार बसतो. ते तिला पटलं. दुसऱ्या दिवसापासून ती 'समजलं नाही' म्हणणाऱ्या पोरासाठी टाळ्या वाजवायला लागली. टीचर चांगली होती. ते खोटं सांगणार नाही.

शेजारच्या काकू दार न वाजवता सरळ आत यायच्या. भाकरी-भाजी ठेवून समोर मांडी घालून बसायच्या, ती कशी खाते बघायला. "हिचं लगीन झालंय का, इचार की गं. येवढी घोडी झाली, आईबापानं येकटी सोडलीच कशी?"

क्लेअर विचारायची, "काय म्हणतात?"

"काकूंना तुझ्या घरच्यांची काळजी वाटते."

क्लेअरच्या डोळ्यांत पाणी यायचं. काकूंना वाटायचं, भाजी तिखट झाली.

रात्री हायवेला ट्रकांचे हॉर्न. तिला झोप लागेना. "हे लोक कुणावर चिडलेत?" मी म्हणाले, चिडलेले नाहीत, मी इथं आहे एवढंच सांगतायत. हे मात्र मी खरं सांगितलं.

स्कूलबसचे ड्रायव्हर सोपानमामा रोज सकाळी, "या लंडनच्या मॅडम, फुडं बसा." एकदा ती वैतागली. म्हणाली, सांग त्यांना, मी लंडनची नाही, आमच्या लोकांचं आणि लंडनचं फार जुनं भांडण आहे.

"काय म्हनत्यात?" मामा.

"लंडनच्या जवळच्याच आहेत."

"मग लंडनच की."

असं माझं चाललं होतं. इकडचं तिकडं सांगताना मऊ करायचं, तिकडचं इकडं आणताना मऊ करायचं. मला ते जमायला लागलं. जमतंय याचा आनंदही व्हायला लागला. पोरांनी तिला बाटली ओठाला न लावता वरून पाणी प्यायला शिकवलं. आधी ठसका लागला, ड्रेस भिजला, मग जमलं. "किती स्वच्छ पद्धत आहे तुमची," ती म्हणाली. मी म्हणाले, हो, स्वच्छ.

मग एका रविवारी चेअरमनच्या बंगल्यावर जेवायला बोलावलं. मासवडी, बाजरीची भाकरी. जेवण एकाच टेबलावर झालं. मला वाटलं, उगाच आपण मनात धरून बसतो. मग चहा आला. ट्रेमध्ये फुलाफुलांचे कप. आणि एक कागदी. कामवाल्या मावशींनी ट्रे माझ्यासमोर असा फिरवला की कागदी कप माझ्याच हाताला यावा. शिकवलेलं होतं त्यांना.

क्लेअर माझ्या कानाशी आली. "तुला स्वच्छ कप दिला त्यांनी. एकदा वापरून फेकायचा. मीही तसाच मागू का?"

तिला वाटलं, माझा मान राखला.

मी म्हणाले, नको, त्यांना वाईट वाटेल.

तेवढ्यात तिनं टेबलावर सगळ्यांना विचारलं. तिनं येण्याआधी पुस्तकात जातीबद्दल वाचलं होतं. इथं अजून ते आहे का? चेअरमनना इंग्रजी बऱ्यापैकी कळतं. बोलायला अडतात. ते मोठ्यांदा हसले. "सांगा त्यांना, मॅडम. ते सगळं पहिलं होतं. आता आपल्याकडं तसलं काही राहिलं नाही. तुम्हीच सांगा. तुम्ही सांगितलेलं बरं."

तुम्ही सांगितलेलं बरं. का बरं, ते टेबलावर सगळ्यांना माहीत होतं. एकीला सोडून.

कागदी कप गरम असतो. बोटं भाजतात. तो धरून मी म्हणाले, "देअर इज नो कास्ट हिअर."

इथंवर ठीक. इथंवर मी म्हणू शकते की दुसऱ्याचं वाक्य होतं, मी नुसती बोलले. पण क्लेअर खुळी नव्हती. तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "आणि तुझ्यासाठी? तुझ्यासाठीसुद्धा नाही?"

हे वाक्य कुणी मला दिलं नव्हतं. कुणी माझ्याकडं बघतही नव्हतं. मी म्हणाले, "नाही."

माई समाधानानं म्हणाल्या, "पोरगी हुशार हाय."

त्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला, जयंतीचं पत्रक कधी देतेस? मी लिहिलं, शाळेत फार काम आहे. काम नव्हतं. पेन उचलायची लाज वाटत होती. गप्प बसू नका हे मी आता कुठल्या तोंडानं लिहिणार होते?

क्लेअर जायच्या आदल्या दिवशी स्नेहसंमेलन होतं. ती भाषण करणार, मी स्टेजवर मराठीत सांगणार. पुढच्या वर्षी इंग्रजी विभाग तुमच्याकडं, असं चेअरमननी सकाळीच सांगून ठेवलं होतं. माझे वडील, आण्णा, खुटबावहून मोटरसायकलवर आले होते. गवंडीकाम करतात. पांढरा शर्ट घालून तिसऱ्या रांगेच्या टोकाला बसले होते. शेजारच्या माणसाला सांगत होते, ते मी स्टेजवरून ओठांवरून ओळखलं: माझी पोरगी हाय ती.

भाषण छान चाललं. काकूंच्या भाकरीचं सांगितलं, लोक हसले. 'येस टीचर'चं सांगितलं, पालक फार हसले. सोपानमामांचं लंडनही आलं. आण्णा हसायचे आणि लोक हसतायत का, ते मागं वळून बघायचे.

मग क्लेअर म्हणाली, "इथं येण्याआधी मी जातीबद्दल वाचलं होतं. मला भीती वाटत होती. पण माझ्या या मैत्रिणीनं मला सांगितलं, इथं जात नाही. मी घरी जाऊन सगळ्यांना हेच सांगणार आहे. तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे."

पहिल्या रांगेत चेअरमननी टाळ्या सुरू केल्या. बाकीचे थांबले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ते माझी वाट बघत होते.

इतके दिवस ते वाक्य इंग्रजीत होतं. इंग्रजीत खोटं बोलताना ते जरा लांबचं वाटतं, दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखं. आता ते मराठीत म्हणायचं होतं. आण्णांच्या तोंडावर. आणि पार मागं, चपलांच्या ढिगाजवळ, कारेगावचे आमच्यातले पालक उभे होते. कंपन्यांत कामाला जाणारे. आरटीईतून पोरं घातलेली. आपली पोरं कुठल्या बाकावर बसवतात, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांना मी सांगायचं होतं, इथं जात नाही.

"हं, मॅडम," चेअरमन खालून म्हणाले. "सांगा."

मी माईक तोंडाशी धरला.

"ह्या म्हणतात, इथं जात नाही असं मी त्यांना सांगितलं. सांगितलं होतं. मी खोटं बोलले. ह्या आल्या त्या दिवशी फाटकात माझ्या हातातलं औक्षणाचं ताट काढून घेतलं. बंगल्यावर सगळ्यांना कपातून चहा, आणि मला..."

गाणं सुरू झालं. कुणी खूण केली, मी बघितलं नाही. माईक मेला. कोळी नृत्याच्या पोरी टोपल्या घेऊन स्टेजवर आल्या आणि आमच्या दोघींच्या भोवती नाचायला लागल्या. त्या गोंगाटात मी क्लेअरच्या कानाशी तोंड नेलं आणि तेच इंग्रजीत सांगितलं. ताट का घेतलं. तो कप स्वच्छ का नव्हता.

ती लाल झाली. म्हणाली, "तू मला त्यांचं कौतुक करू दिलंस."

मी म्हणाले, "तू मला त्यांच्यासमोर विचारलंस."

दोघींचंही खरं होतं. त्यापुढं बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे ती चेअरमनच्याच गाडीतून विमानतळावर गेली.

त्याआधी, गाणं चालू असतानाच, स्टेजमागं चेअरमन आले. "घरच्यासारखं वागवलं तुम्हाला. माईंच्या टेबलावर बसवलं. हे फळ दिलंत व्हय?"

"घरच्यांना कागदी कप देता का?"

ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

आण्णा पार्किंगमध्ये गाडीजवळ उभे होते. गाडी पुसत होते. पुसायला काही नव्हतं.

"निम्मंच आयकू आलं," ते म्हणाले. "गानं लावलं त्यांनी."

"काय ऐकलंत?"

"ताट काढून घ्येतलं, येवढं." फडकं त्यांनी पिळलं, कोरडंच. "कवाचं हे?"

"त्या आल्या तवाचं."

"मग दर रईवारी घरी येतीस, येकदाबी सांगितलं न्हाईस. मी आपला गावभर सांगत फिरतोय, पोरीला शाळेत लई मान हाय."

मी गाडीवर मागं बसले. खुटबाव येईपर्यंत मला त्यांची पाठ दिसत होती, तो पांढरा शर्ट. मिसेसच्या हसण्याची लाज मला वाटत नाही. ती त्यांना वाटू दे. मला लाज वाटते त्या 'नाही'ची. ते माझ्या तोंडून, कुणी न सांगता निघालं. ती लाज जाणार नाही, आणि मला ती घालवायचीही नाही. ती राहिली तर पुन्हा तसं बोलताना जीभ अडेल.

शाळेत यंदाही कुणीतरी पाहुणा येईल. फ्लेक्स लागेल, ताटं सजतील. मी फाटकाबाहेर हायवेच्या कडेला उभी असेन. हातात पत्रकं. खाली माझं नाव, गाव, आणि खुटबावात कुठं, तेही. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. दोन्हीकडं तेच लिहिलंय. कुठंही मऊ केलेलं नाही.