फडकं बांधलेली घंटा

आमच्या देवळाचा लाकडी सभामंडप दुरुस्त करायला हर्ण्याकडचा एक सुतार यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. आल्या आल्या तो घंटेला फडकं गुंडाळायचा, कुणी वाजवू नये म्हणून. मग एकेका खांबावर बोटांनी ठोकून कान लावायचा. मंडपाच्या मधून मात्र कधी चालायचा नाही, भिंतीच्या कडेनं जायचा.

एकदा वरची तुळई करकरली. मी झाडू टाकून बाहेर पळाले.

"करकरतंय तोवर भिऊ नका, वैनी," तो म्हणाला. "चांगलं लाकूड मोडायच्या आधी बोंबलतं. वाळवीनं खाल्लेलं मुकाट बसतं." मग गाभाऱ्यापुढच्या खांबाकडे बोट दाखवलं. "हा कधीच बोलत नाही."

त्या खांबाशेजारी तुळईला टेकू देऊन तो फणसाचं लाकूड आणायला गेला, तो अजून आलेला नाही. उद्या शिमग्याची पालखी. नाचवायला अडचण नको म्हणून गावकऱ्यांनी काल टेकू काढला. मी बोलले, तर म्हणाले, "देव बघतोय ना!"

आज मंडप झाडून झाल्यावर मी घंटेला फडकं गुंडाळलं आणि त्या खांबाला कान लावला.

काहीच ऐकू आलं नाही.