नाना, आता तारीख नाही

गेल्या आठवड्यात जळगावच्या कोर्टात होतो. आरोपी म्हणून नाही... साक्षीदार म्हणून. फिर्यादी आमच्या गावचे नाना, माझे बांधाशेजारी.

काही वर्षांपूर्वी नानांची घडावर आलेली केळीची बाग कुणीतरी कापून टाकली. कोयता घेऊन बागेतून बाहेर पडणाऱ्या त्यांच्या चुलतभावाला नानांनी पाहिलं, मीही पाहिलं. पण गावात बोलणं उठलं, भरपाईसाठी म्हाताऱ्यानेच कापली असेल. नानांना बागेपेक्षा ते जास्त लागलं. एकदा कोर्टात शपथेवर सांगायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

मग सुरू झाल्या तारखा. कधी वकील नाहीत, कधी साहेब रजेवर... हळूहळू तारीख म्हणजे आमचा बाजारहाटच झाला. पुढची तारीख घ्यायची, ठिबकचं सामान घ्यायचं, शेवभाजी खाऊन गावी परतायचं.

त्या दिवशी नाना ठिबकच्या नळ्या आणायला आधीच निघाले. "तू बठ, मी नळ्या लई येस. तारीखच पडनार शे."

आणि नेमका पुकारा झाला. चुलतभावाचे ज्युनियर वकील उठले... सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत, तारीख मिळावी. मॅजिस्ट्रेट बाई नवीन होत्या. म्हणाल्या, कायद्यात हे कारण चालत नाही. साक्षीदार आलेला असेल, तर साक्ष आजच.

साक्षीदार बाजारात होता.

पुढचं प्रकरण संपेपर्यंत थांबते, असं बाईंनी सांगितलं. नाना फोन उचलेनात. स्कूटर काढली... दुकानात नळ्यांच्या भावावरून घासाघीस करताना सापडले. नळ्यांसकट मागे बसवून आणलं, आणि नानांची साक्ष सुरू झाली.

मी पुढचा साक्षीदार, म्हणून मला बाहेर बसवलं. नानांच्या नळ्यांचं भेंडोळं सांभाळत बसलो. आत काय चाललंय काही कळेना.

बऱ्याच वेळाने नाना बाहेर आले. मागून शिपाई हसत आला, त्याने आतलं सांगितलं. साक्ष, उलटतपास सगळं झाल्यावर नानांनी हात जोडून विचारलं होतं, "साहेब, आते कव्हय येवानं?" बाई म्हणाल्या, "आता यायचं नाही, बाबा. तुमचं सांगून झालं."

नाना बाकावर टेकले. "इतलंच बोलनं व्हतं," म्हणाले, आणि टोपीने डोळे पुसले. मलाही भरून आलं.

निकाल काय लागायचा तो लागेल. नियम होताच, त्या बाईंनी तो पाळला... त्यांचे आभार.

माझी साक्ष दुसऱ्याच दिवशी ठेवली होती. सकाळपासून मी कोर्टाचा जिना सोडला नाही. चहालासुद्धा नाही.